पतंग, वायरचा तुकडा आणि ग्रेसबाई

कॉम्प्युटर ब्रँचच्या पोरापोरींच्या तोंडी दिवसातून सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द कोणता, तर बग. प्रोग्राम चालला नाही की बग, सर्व्हर बसला की बग, आणि व्हायव्हात उत्तर आलं नाही तरी कोणीतरी मागच्या बाकावरून बग म्हणून कुजबुजतंच. पण हा बग एकदा खरोखरच पंख असलेला होता, आणि त्याची गोष्ट जगभर सांगत फिरलेल्या बाई अमेरिकेच्या नौदलात रिअर ॲडमिरल होत्या, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मित्रमैत्रिणींनो, आज त्या बाईंविषयी लिहायचं आहे. ग्रेस हॉपर त्यांचं नाव. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीत जिथे अडखळेन तिथे सांभाळून घ्या.

ग्रेस ब्रूस्टर मरे हिचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्क शहरातला. वडील विम्याच्या धंद्यात. आजोबा सर्व्हेयर. नात त्यांच्याबरोबर मोजणीला जायची आणि खांब धरून उभी राहायची. सात वर्षांची असताना तिला प्रश्न पडला, की घड्याळाचा गजर नेमका वाजतो कसा? तिने एक गजराचं घड्याळ उघडलं. पुन्हा जोडता येईना, म्हणून बघायला दुसरं उघडलं. मग तिसरं. घरात सात घड्याळं होती, सातही उघडून झाली तेव्हा कुठे आईच्या लक्षात आलं. आपल्याकडे यानंतर काय झालं असतं ते सांगायला नको! तिच्या आईने मात्र एवढंच ठरवून दिलं, की यापुढे एकच घड्याळ खोलायचं. मला वाटतं इतिहासातल्या चांगल्या निर्णयांमध्ये हा निर्णय मोडतो.

वडिलांना रक्तवाहिन्यांचा आजार होता आणि त्यात त्यांचे पाय कापावे लागले. आपलं पुढे काय होईल याची खात्री नसल्याने मुलींनीही मुलासारखंच शिकून स्वतःच्या पायावर उभं राहावं असा त्यांचा आग्रह होता. व्हॅसर कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत ग्रेस पहिल्या खेपेस लॅटिनमध्ये नापास झाली आणि एक वर्ष थांबली. (केटी लागलेल्यांनी हे वाक्य घरी वाचून दाखवायला हरकत नाही.) १९२८ मध्ये ती गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाली, १९३४ मध्ये येल विद्यापीठाची गणितातली पीएच. डी. मिळवली. मधल्या काळात, १९३० मध्ये, व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं आणि ती व्हॅसरमध्येच गणित शिकवू लागली. १९४५ मध्ये ते दोघे वेगळे झाले, आडनाव मात्र तिने शेवटपर्यंत तेच ठेवलं.

खरी गोष्ट सुरू होते ती दुसऱ्या महायुद्धात. १९४३ साली नोकरी सोडून नौदलात जायचं तिने ठरवलं तेव्हा ती सदतीस वर्षांची होती. वय जास्त, वजन नियमापेक्षा सुमारे ७ किलो कमी, आणि गणिताच्या प्राध्यापकांची देशाला नागरी कामातच गरज आहे असा सरकारी नियम. तीनही अडचणींवर तिने परवानगी काढली. प्रशिक्षणात पहिली आली. कुठेतरी जहाजावर नाही तर सांकेतिक भाषा उलगडण्याच्या कामावर पाठवतील असं वाटत होतं, पण जुलै १९४४ मध्ये तिला हार्वर्ड विद्यापीठात पाठवण्यात आलं, हॉवर्ड एकन यांच्या हाताखाली. इथून पुढे मी त्यांना ग्रेसबाई म्हणते, कारण आता त्या लेफ्टनंट होत्या आणि त्यांच्यासमोर एक राक्षस उभा होता.

त्या राक्षसाचं नाव मार्क वन. लांबी ५१ फूट, उंची ८ फूट, वजन जवळपास पाच टन, साडेसात लाखांहून जास्त सुटे भाग आणि ५०० मैलांहून जास्त वायर. वेग किती? एका सेकंदात तीन बेरजा, आणि एका गुणाकाराला सहाएक सेकंद. आज आपल्या खिशातला मोबाईल हे वाचून हसेल. पण तेव्हा हे यंत्र चोवीस तास चालायचं आणि त्याच्यावर युद्धातली कामं अवलंबून होती. १९४४ मध्ये जॉन फॉन नॉयमन एक गणित घेऊन आले. ते अणुबाँबच्या स्फोटासाठीचं होतं, हे मशीन चालवणाऱ्यांना तेव्हा सांगितलंही नव्हतं.

आता इथे जरा थांबते. आपल्यापैकी ज्यांनी लॅबमधला लिनक्स सर्व्हर सांभाळला आहे त्यांना माहीत आहे की सर्व्हर चालू ठेवणं म्हणजे नेमकं काय. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, एसी बंद पडतो, आणि मग सेन्सर्स ही कमांड दिली की प्रोसेसरचं तापमान बघून आपल्यालाच घाम फुटतो. प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप मंदावतो आणि लोक म्हणतात की नेटवर्क स्लो आहे. म्हणजे दुखणं एकीकडे आणि कळ दुसरीकडे. मार्क वनमध्ये तर सेन्सर वगैरे काही नव्हतंच. हजारो रिले खटखट करत उघडत-मिटत, आणि त्यातल्या एकाचा जरी स्पर्श नीट झाला नाही तरी उत्तर चुकायचं. चुकलेलं उत्तर प्रोग्राममुळे की यंत्रामुळे, हे शोधायला एकच उपाय : ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं गणित यंत्राला घालायचं, ताडून पाहायचं, आणि काय केलं ते वेळेसकट वहीत लिहून ठेवायचं.

त्या वहीला लॉग म्हणतात. हा शब्द जहाजावरचा आहे. पूर्वी जहाजाचा वेग मोजायला दोरी बांधलेला लाकडाचा ओंडका पाण्यात टाकत, त्याची नोंद ज्या वहीत व्हायची ती लॉगबुक. आपण युनिक्समध्ये व्हार-लॉगच्या फोल्डरमध्ये जाऊन जे वाचत बसतो त्याचं नाव असं समुद्रावरून आलेलं आहे. नौदलातल्या बाई कॉम्प्युटरवर आल्या तेव्हा त्यांना ही सवय नव्याने लावावी लागली नसणार.

तर तो सुप्रसिद्ध बग. युद्ध संपलं होतं आणि हार्वर्डला मार्क टू हे पुढचं यंत्र तयार होत होतं. ९ सप्टेंबर १९४७ रोजी यंत्र गडबड करत होतं. त्या दिवशीच्या लॉगच्या पानावर सकाळपासूनच्या चाचण्या वेळ टाकून लिहिलेल्या आहेत, आणि दुपारी पावणेचारच्या नोंदीला पॅनेल एफमधल्या ७० नंबरच्या रिलेत सापडलेला एक पतंग (उडवायचा नव्हे, दिव्यावर येतो तो) चिकटपट्टीने वहीतच चिकटवून टाकलेला आहे. खाली गमतीने लिहिलंय, की खराखुरा बग सापडण्याची ही पहिलीच वेळ. ती वही आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, पतंगासकट.

या गोष्टीबद्दल दोन गैरसमज आहेत. एक, पतंग ग्रेसबाईंनी पकडला. त्यांनी पकडलेला नाही, त्यांच्या सहकाऱ्यांना तो सापडला, पण गोष्ट त्यांनी इतक्या रंगवून आणि इतक्या ठिकाणी सांगितली की ती त्यांच्याच नावावर जमा झाली. दोन, बग हा शब्द तेव्हा जन्मला. तोही नाही. यंत्रातल्या बिघाडाला बग म्हणायची पद्धत एडिसनच्या काळापासून, म्हणजे १८७० च्या दशकापासून होती. उलट आधीपासून तो शब्द होता म्हणूनच तो विनोद जमला. मला स्वतःला पतंगापेक्षा त्या पानावरच्या बाकीच्या कंटाळवाण्या नोंदी जास्त महत्त्वाच्या वाटतात. अमुक वाजता ही टेस्ट, तमुक वाजता ती. त्या नसत्या तर बिघाड अमुक भागात आहे इथपर्यंत कोणी पोहोचलंच नसतं.

एकन यांनी ग्रेसबाईंना आणखी एक काम दिलं होतं : मार्क वनवर पुस्तक लिही. रोज पाच पानं लिहायची आणि संध्याकाळी त्यांना वाचून दाखवायची. आपल्याकडेही प्रोजेक्ट ग्रुप पडले की कॅबिनेट उघडणं, केबल टाकणं मुलांकडे आणि रिपोर्ट लिहिणं मुलींकडे, हे न बोलताच ठरतं. म्हणजे ऐंशी वर्षांत फार काही हललेलं नाही. मला याचा राग येतो. पण ग्रेसबाईंचं १९४६ मधलं ते पाचशेहून जास्त पानांचं मॅन्युअल बघितलं की राग थोडा गोंधळतो. कारण ते लिहिण्यासाठी त्यांना यंत्राचा प्रत्येक रिले, प्रत्येक वायर समजून घ्यावी लागली. यंत्र उघडणं आणि लिहिणं ही त्यांच्या बाबतीत दोन कामं नव्हतीच. आपण मात्र ती दोन केली आणि वर वाटून घेतली.

सगळंच काही छान नव्हतं. हार्वर्डच्या शेवटच्या वर्षांत त्यांना दारूची सवय लागली होती आणि ती त्यांना बरीच त्रासदायक ठरली. चरित्रकारांनी ते लपवलेलं नाही, मीही लपवत नाही. हार्वर्डमध्ये कायमची जागा मिळाली नाही. १९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियाला एकर्ट आणि मॉकली यांच्या कंपनीत आल्या. तिथे युनिव्हॅक बनत होता, आणि तिथेच त्यांनी ते काम केलं ज्याचं फळ आपण रोज खातो.

प्रश्न असा होता. प्रत्येक प्रोग्राममध्ये काही तुकडे पुन्हा पुन्हा लागतात, उदाहरणार्थ साइन काढणं, वर्गमूळ काढणं. हार्वर्डला असे तुकडे त्या आणि त्यांचे सहकारी वह्यांमध्ये लिहून ठेवत आणि लागेल तेव्हा एकमेकांच्या वहीतून उतरवून घेत. जर्नल उतरवतो तसंच! पण दोन भानगडी व्हायच्या. एक तर उतरवताना चूक व्हायची. दुसरं म्हणजे वहीतल्या तुकड्याचा पत्ता शून्यापासून सुरू झालेला असायचा आणि नव्या प्रोग्राममध्ये तो कुठेतरी मध्येच बसायचा, म्हणून प्रत्येक पत्त्यात ठरावीक आकडा मिळवावा लागायचा. माणसं उतरवण्यातही कच्ची आणि बेरजेतही कच्ची. ग्रेसबाईंनी विचार केला, की उतरवणं आणि बेरीज करणं ही तर यंत्राचीच कामं आहेत!

म्हणून त्यांनी सगळे तुकडे एका टेपवर ठेवले, प्रत्येकाला एक नंबर दिला, आणि असा प्रोग्राम लिहिला की आपण फक्त नंबर सांगायचे, यंत्र टेपवरून तो तुकडा शोधेल, पत्ते बदलेल आणि जोडून देईल. त्याचं नाव ए-झिरो. त्यांनी त्याला कंपायलर म्हटलं. आजच्या भाषेत ते लिंकर आणि लोडरच्या जास्त जवळचं आहे. लिनक्सवर एखादा प्रोग्राम सुरू करताना शेअर्ड लायब्ररी लोड होत नाही अशी लाल ओळ येते ना, तेव्हा नेमकं तेच काम अडलेलं असतं : प्रोग्रामने नाव सांगितलं, पण त्या नावाचा तुकडा सांगितलेल्या जागी नाही, किंवा आहे पण व्हर्जन भलतंच आहे. एलडीडी कमांड दिली की प्रोग्रामला हव्या असलेल्या सगळ्या लायब्रऱ्यांची यादी येते आणि जिच्यापुढे नॉट फाउंड लिहिलेलं असतं ती आपली हरवलेली गाय. फाइल असूनही सापडत नसेल तर ती सिस्टिमच्या यादीत चढलेली नसते, मग जागा नोंदवून एलडीकॉन्फिग चालवायचं. फाइलच नसेल तर पॅकेज टाकायचं. कुठूनतरी त्याच नावाची फाइल आणून चिकटवली तर काय होतं, हे ज्यांनी केलंय त्यांना विचारा.

ए-झिरोवरचा त्यांचा निबंध १९५२ मध्ये आला. त्याच वर्षी आपल्या जळगावच्या बहिणाबाई चौधरींची गाणी पुस्तकरूपात छापली गेली. बहिणाबाई डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. सोपानदेवांनी आणि नात्यातल्या मंडळींनी ओव्या उतरवून ठेवल्या नसत्या तर त्या त्यांच्याबरोबरच गेल्या असत्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, हे मला कळतं. तरी असोद्याच्या बाई आणि न्यूयॉर्कच्या बाई एकाच वर्षी अशा भेटल्या, म्हणून लिहावंसं वाटलं.

ए-झिरो चालतंय हे लोक डोळ्यांनी बघत होते तरी विश्वास ठेवत नव्हते. यंत्र फक्त आकडेमोड करतं, ते प्रोग्राम कसा लिहील, असं म्हणायचे. ग्रेसबाई मात्र पुढे गेल्या. १९५३ च्या शेवटी ए-टू ही आवृत्ती युनिव्हॅकच्या ग्राहकांना त्यांनी कोडसकट दिली आणि सुधारणा करून कळवायला सांगितलं. ओपन सोर्स हा शब्द यायला तेव्हा अजून चाळीसेक वर्षं होती. मग त्या म्हणू लागल्या की गणिताची चिन्हं ज्यांना आवडतात ते थोडे, हिशेब ठेवणारे पुष्कळ. त्यांना साध्या इंग्रजीत सूचना लिहिता आल्या पाहिजेत. हे शक्य आहे हे दाखवायला त्यांनी एक छोटा प्रोग्राम इंग्रजीत चालवला, आणि यंत्राला भाषेशी देणंघेणं नसतं हे पटवायला तोच फ्रेंचमध्ये आणि जर्मनमध्येही. साहेब लोक घाबरले. अमेरिकेत बनलेल्या यंत्राला फ्रेंच आणि जर्मन समजतं म्हणजे काय! शेवटी फक्त इंग्रजीचं आश्वासन देऊन काम पुढे न्यावं लागलं. या मासिकाच्या मराठी विभागात हे लिहिताना मला हसू आवरत नाही.

त्यातून फ्लो-मॅटिक ही भाषा आली, आणि १९५९ मध्ये सरकार, नौदल, कंपन्या यांची समिती बसून कोबोल ठरली तेव्हा तिचा मोठा पाया फ्लो-मॅटिकचाच होता. कोबोल एकट्या ग्रेसबाईंनी लिहिली असं म्हणतात ते खरं नाही, त्या समितीच्या सल्लागार होत्या. प्रत्यक्ष कामात जीन सॅमेट, बेटी हॉल्बर्टन अशा आणखी बायका होत्या. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्राम दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवला गेला. एप्रिल २०२० मध्ये कोरोनामुळे बेकारांचे अर्ज वाढले तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी कोबोल येणारे स्वयंसेवक हवेत म्हणून जाहीर आवाहन केलं होतं. साठ वर्षांपूर्वीची भाषा, पण यंत्र तिच्यावरच चालत होतं.

१९६६ च्या शेवटी नौदलाने त्यांना वयामुळे निवृत्त केलं. सातच महिन्यांत परत बोलावलं, सहा महिन्यांसाठी म्हणून, आणि त्या राहिल्या एकोणीस वर्षं! कारण प्रत्येक कंपनीची कोबोल थोडी वेगळी झाली होती आणि नौदलाला ती एका रांगेत आणायची होती. त्यांच्या टीमने कंपायलर नियमाप्रमाणे वागतो की नाही हे तपासणाऱ्या चाचण्या तयार केल्या. ऑफिसातल्या भिंतीवरचं त्यांचं घड्याळ उलटं फिरायचं. वेळ अचूक दाखवायचं, फक्त काटे डावीकडे जायचे. आधीपासून असंच चालत आलंय असं म्हणणाऱ्यांना त्या ते दाखवायच्या.

आणि आता वायरचा तुकडा. उपग्रहावरून निरोप यायला इतका वेळ का लागतो असं अधिकारी विचारत. ग्रेसबाईंनी टेलिफोनच्या वायरचे ११.८ इंची तुकडे कापून घेतले. म्हणजे जवळपास आपली फूटपट्टी. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर जाऊ शकते. हे तुकडे त्या भाषणांत वाटायच्या, टीव्हीवरही घेऊन गेल्या. मायक्रोसेकंद दाखवायला ९८४ फुटांचं वेटोळं आणायच्या, पिकोसेकंद म्हणून मिरपूड.

नेटवर्क तपासताना हा तुकडा मनात ठेवला तर फार उपयोग होतो. करून बघा. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. जळगाव ते मुंबई रेल्वेने ४२० किलोमीटर. म्हणजे जायला २ मिलिसेकंदांहून थोडं जास्त, जाऊन-येऊन ४ च्या आसपास. आता मुंबईच्या सर्व्हरला पिंग केलं आणि ४० आलं, तर उरलेले ३६ कुठे गेले? अंतरात नाही. ते गेले फायबरच्या वळशात आणि राउटरच्या रांगेत, जशी भुसावळच्या आउटरला गाडी उभी राहते तशी. धुळे-जळगाव तर जेमतेम ९५ किलोमीटर, पण दोन्हीकडचे कनेक्शन वेगळ्या कंपन्यांचे असले तर अनेकदा पॅकेट आधी मुंबईला जातं आणि तिथून परत खानदेशात येतं. ट्रेसराउट लावला की हा सगळा प्रवास स्टेशनगणिक दिसतो. तेव्हा स्पीड नाही म्हणून जास्त एमबीपीएसचा प्लॅन घ्यायच्या आधी फूटपट्टी काढावी. रस्ता रुंद केल्याने गाव जवळ येत नाही.

एका मोठ्या यंत्राऐवजी अनेक छोटी यंत्रं एकत्र जुंपा, हेही त्या सांगत फिरायच्या. जुन्या काळी ओंडका एका बैलाला ओढवला नाही तर लोक मोठा बैल वाढवायला जात नसत, दुसरा बैल जोडत असत, असा त्यांचा दाखला होता. पोळ्याला बैलांना सजवणाऱ्या आपल्या लोकांना क्लस्टर म्हणजे काय हे याहून सोपं करून सांगता येणार नाही.

१४ ऑगस्ट १९८६ रोजी, ७९ व्या वर्षी, त्या नौदलातून खऱ्या अर्थाने निवृत्त झाल्या. समारंभ बोस्टनला कॉन्स्टिट्यूशन या अठराव्या शतकातल्या लाकडी युद्धनौकेवर झाला. त्यानंतर घरी बसल्या का? नाही. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये सल्लागार झाल्या. याच कंपनीच्या पीडीपी-११ यंत्रावर १९७३ मध्ये युनिक्स सी भाषेत नव्याने लिहिलं गेलं होतं. १ जानेवारी १९९२ रोजी त्या गेल्या आणि आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत त्यांना मानवंदना देऊन पुरण्यात आलं. २०१६ मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान त्यांना मरणोत्तर मिळाला.

त्याच्या बरंच आधी, १९९७ मध्ये, त्यांच्या नावाची एक विनाशिका अमेरिकेच्या नौदलात दाखल झाली होती. तिचा नंबर ७०. पतंग सापडला त्या रिलेचा नंबरही ७०. योगायोगच असणार, जहाजांचे नंबर ओळीने लागतात.